ऐकलेले वचन आणि वाचलेले वचन

प्रौढांच्या बायबल अभ्यासगटात शिकवणाऱ्याची खरी अडचण समोरच्या माणसांना शास्त्र माहीत नसणे ही नसते. ते फार वर्षांपासून माहीत असणे ही असते. संडे स्कूलमध्ये ऐकलेल्या गोष्टी, पाठ केलेली सोनेरी वचने, नाताळातील नाटके, निरनिराळ्या पाळकांचे संदेश, घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले अर्थ आणि अलीकडे रोज सकाळी मोबाइलवर येणारी वचनांची रंगीत चित्रे, या सगळ्यांतून प्रत्येकाच्या मनात एक ग्रंथ तयार झालेला असतो. तो बायबलशी पुष्कळसा जुळतो, पण तो बायबल नव्हे. लहान मुलाला आपण गोष्ट प्रथमच सांगत असतो. प्रौढाच्या बाबतीत मात्र आपण वाचायला सुरुवात करण्यापूर्वीच त्याच्या मनात ती गोष्ट सांगून संपलेली असते, आणि पुढचा तासभर तो आपल्या तोंडून त्याच गोष्टीला दुजोरा मिळण्याची वाट पाहत असतो.

याची चाचणी सोपी आहे. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून किती मागी लोक (तारे पाहणारे ज्ञानी) आले, असे विचारले की बहुतेक जण तीन म्हणतात. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात भेटवस्तू तीन आहेत, माणसांची संख्या दिलेलीच नाही. आणि ते गव्हाणीपाशी नव्हे, तर एका घरात गेले असे तेथे लिहिले आहे. एदेन बागेतील फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात कोठेही नाही. दिमिष्काच्या वाटेवर शौल (पुढचा प्रेषित पौल) घोड्यावरून पडला असे सांगणाऱ्यांना प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडून घोडा शोधायला सांगावे. तो सापडत नाही, कारण तो चित्रकारांचा आहे. या गोष्टी श्रद्धेच्या दृष्टीने निरुपद्रवी आहेत, म्हणूनच सुरुवातीच्या बैठकीसाठी योग्य आहेत. त्यांवर सगळे मिळून हसतात, आणि हसू ओसरल्यावर एखाद्याच्या मनात येते की, हे जर असे असेल तर आपण न तपासता धरून ठेवलेले आणखी काय काय असेल. शिकवणाऱ्याला एवढेच हवे असते. मात्र इतरांच्या चुका पकडण्याची गोडी त्याला स्वतःला लागली, तर तो गट फार काळ टिकत नाही, हेही येथेच सांगून ठेवलेले बरे.

अभ्यासगट चालवण्याच्या पद्धतींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि वीस व पन्नास अशा दोन्ही वयांच्या माणसांना उपयोगी पडतील अशी पाठमालिकांची पुस्तकेही भरपूर मिळतात. कोणतीही पद्धत पाहताना मी एकच गोष्ट विचारते: तासभर झाल्यावर लोकांनी मजकूर किती वेळ पाहिला, आणि शिकवणाऱ्याला किती वेळ पाहिले? दुसरा आकडा मोठा असेल तर तो अभ्यास नव्हे, ते आणखी एक प्रवचन झाले. प्रवचनाला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मानाचे स्थान आहे आणि ते असावेच; पण रविवारी जे मिळते तेच पुन्हा आठवड्याच्या मधल्या वारी देण्यासाठी दमून आलेल्या माणसांना एकत्र बसवण्याचे कारण नाही.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात याचा एक जुना नमुना आहे. एज्रा हा शास्त्री यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात नियमशास्त्राचा ग्रंथ पहाटेपासून दुपारपर्यंत वाचतो. ऐकणारे म्हणजे पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना समजू शकेल असे सर्व, अर्थात तो मुख्यतः प्रौढांचाच वर्ग आहे. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातली माणसे, जमावामध्ये उभे राहून वाचलेल्याचा अर्थ समजावून देतात. या प्रसंगावर संदेश पुष्कळ होतात, पण त्याच अध्यायातील तेराव्या वचनाकडे फारसे कोणी वळत नाही. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख, याजक आणि लेवी शास्त्राकडे अधिक बारकाईने लक्ष देण्यासाठी एज्राकडे पुन्हा जमतात. हा लहान गट वाचतो, त्यात मांडवांच्या सणाविषयीची आज्ञा सापडते, आणि लोक डोंगरावर जाऊन फांद्या आणतात व मांडव घालतात. मोठी सभा, मग लहान गट, मग मजकुरातून निघालेली एक ठोस कृती, हा क्रम मला फार बोलका वाटतो. त्या दिवशी एज्राने लोकांना काय करायचे ते आधी ठरवून मग त्याला आधार म्हणून वचन शोधले नव्हते.

म्हणून विषयवार अभ्यासापेक्षा एक संपूर्ण पुस्तक घेणे मला अधिक योग्य वाटते. क्षमा, चिंता, कुटुंब, पैसा असे विषय घेऊन दहा पुस्तकांतून दहा वचने गोळा केली की, निवड करणाऱ्याचे मत आधीच ठरलेले असते आणि शिकणाऱ्याला ते तपासण्याची संधीच मिळत नाही. पुस्तक सलग वाचताना मात्र लेखक आपल्याला न आवडणाऱ्या वचनांपाशीही नेतो. सुरुवातीला लहान पुस्तक घ्यावे. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात अवघी 25 वचने आहेत, रूथच्या पुस्तकात चार अध्याय आहेत, योनाचेही चारच. गटाचे पाय स्थिर झाले की मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे आणि त्यात घटना वेगाने घडतात, त्यामुळे अनुभवी वाचकालाही पुढचे आठवते तसे आहे की नाही याची खात्री राहत नाही.

पुस्तक सलग वाचण्यात अध्याय आणि वचनांचे आकडे आड येतात, हे गटाला एकदा स्पष्ट सांगावे लागते. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँगटन याने केली असे मानले जाते, आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये प्रथम छापले. संदर्भ शोधण्यासाठी ही सोय उत्तम आहे, पण पौलाने आकडे घालून पत्रे लिहिली नव्हती. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय सर्वांना ठाऊक असतो; तो भाग बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासूनच सुरू होतो, हे मात्र अनेक वर्षे वाचणाऱ्यांच्याही लक्षात आलेले नसते. करिंथकरांस पहिल्या पत्रातील प्रीतीविषयीचा तेरावा अध्याय लग्नसमारंभात वाचला जातो आणि तेथे तो शोभतोही. पण बारावा, तेरावा आणि चौदावा असे तिन्ही अध्याय एका बैठकीत वाचले तर कळते की तो लिहिला होता आत्मिक दानांवरून एकमेकांना कमी लेखणाऱ्या मंडळीला. त्यानंतर त्यातील सहनशीलतेची वाक्ये ऐकताना गटातील दोन-तीन जण तरी आपल्या मंडळीतील कोणाचा तरी चेहरा आठवून गप्प होतात.

वाचन मोठ्याने व्हावे. ही पत्रे ऐकण्यासाठीच लिहिली होती. आपले पत्र वाचून झाल्यावर ते लावदिकीयातील मंडळीतही वाचले जावे, असे कलस्सैकरांना पौल सांगतो. मात्र वर्तुळात बसवून प्रत्येकाला पाळीपाळीने वाचायला लावण्याची पद्धत प्रौढांच्या गटात क्रूर ठरू शकते. ज्याचे शिक्षण अर्धवट राहिले आहे, ज्याला बारीक अक्षर दिसत नाही किंवा ज्याची जीभ अडखळते, तो आपली पाळी येईपर्यंत एक शब्दही ऐकत नाही, आणि पुढच्या आठवड्यात येत नाही. वाचणारा आधी विचारून ठरवावा आणि त्याला भाग आधी कळवावा.

आता प्रश्नांकडे वळते, कारण गट उभा राहतो किंवा कोसळतो तो प्रश्नांवर. लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूची परीक्षा पाहण्यासाठी विचारतो की सार्वकालिक जीवन मिळवण्यासाठी काय करावे. येशू उत्तर देत नाही. नियमशास्त्रात काय लिहिले आहे आणि तू ते कसे वाचतोस, असे दोन प्रश्न तो उलट विचारतो. समोरचा माणूस प्रौढ आहे, शिकलेला आहे, आणि त्याला उत्तर येते. पुढे चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून झाल्यावरही येशू तात्पर्य सांगत नाही. लुटलेल्या माणसाजवळून गेलेल्या त्या तिघांपैकी शेजारी कोण ठरला, असे तो विचारतो, आणि निष्कर्ष त्या शास्त्र्याच्या तोंडूनच निघतो. प्रौढांना शिकवण्याविषयी यापेक्षा नेमका धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही. विसाव्या शतकात मॅल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने प्रौढ शिकणाऱ्याचा अनुभव हे शिकण्याचे साधन आहे आणि आपण हे का शिकत आहोत हे त्याला कळावे लागते, असे आग्रहाने मांडले. त्या शास्त्र्याशी झालेल्या संवादात हे दोन्ही आहे.

चांगला प्रश्न मजकुरात बोट ठेवून विचारलेला असतो. फिलेमोनाच्या पत्राचेच पाहा. पळून गेलेला दास अनेसिम याला परत स्वीकारावे, अशी विनंती त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, करणारे पौलाचे हे खासगी पत्र आहे असे सगळे सांगतात. मग दुसरे वचन पुन्हा वाचायला सांगून, हे पत्र कोणाकोणाला लिहिले आहे, असे विचारावे. फिलेमोनाबरोबर अप्फिया आहे, अर्खिप्प आहे आणि त्याच्या घरी जमणारी मंडळीही आहे. म्हणजे ही विनंती सर्वांच्या कानांवर पडणार होती. ती ऐकताना फिलेमोनाची स्थिती काय झाली असेल, मंडळीतील इतर दासांनी काय ऐकले असेल, आणि बाविसाव्या वचनात पौल आपल्यासाठी उतरण्याची जागा तयार ठेवायला का सांगतो, हे प्रश्न ओळीने येतात आणि कोणालाही उत्तर आधीपासून पाठ नसते. याउलट ‘देव आपल्यावर प्रीती करतो की नाही?’ असा प्रश्न विचारला तर सगळे माना डोलावतात आणि चर्चा तेथेच मरते. शिकवणाऱ्याच्या मनातले उत्तर ओळखायला लावणारा प्रश्नही तितकाच निकामी असतो. माणसे चार-पाच अंदाज करतात, एखादे बरोबर निघते, आणि शाळेतल्या बाकावर परत बसवल्याचा ओशाळेपणा मात्र मागे राहतो. प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे हेही कामाचाच भाग आहे. शांतता असह्य होऊन शिकवणाऱ्याने स्वतःच उत्तर दिले की, थोडे थांबले तर हा बोलतोच, हे गट लगेच शिकतो.

‘या वचनातून तुम्हाला काय मिळाले?’ हा प्रश्न मी शेवटी ठेवते. तो आधी विचारला तर प्रत्येक जण आपल्या मनातला जुना ग्रंथ उघडतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला घेतल्यास साक्षी सुरू होतात, आणि त्या ऐकण्यासारख्या असतात. पण तो दाखला कोणाला सांगितला होता हे पहिल्या दोन वचनांत लिहिले आहे. जकातदार आणि पापी लोक जवळ येत होते, म्हणून कुरकुर करणाऱ्या परूश्यांना (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातील लोकांना) आणि शास्त्र्यांना तो सांगितला आहे, आणि तो संपतो धाकट्याच्या परतण्याच्या मेजवानीवर रागावलेल्या थोरल्या मुलापाशी, दाराबाहेर. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. वर्षानुवर्षे नियमाने उपासनेला येणाऱ्यांच्या गटात हे वाचताना दाखल्याचे तोंड फिरते. योनाचे पुस्तकही असेच देवाच्या प्रश्नावर संपते, योनाचे उत्तर नाही. अशा ठिकाणी कोणीतरी हमखास गोड शेवट जोडायला निघतो. त्याला नम्रपणे थांबवावे.

सर्वांत नाजूक काम असते ते एखाद्याने आयुष्यभर जपलेल्या वचनाचा संदर्भ उघडण्याचे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे वचन, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत असे सांगणारे, कितीतरी घरांच्या भिंतींवर आहे. ते बाबेलच्या बंदिवासात नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे, आणि त्याच्याही आधी घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगत असतो, आणि लोकांना तोच आवडला असेल हे उघड आहे. ऐकणाऱ्यांपैकी अनेक प्रौढ माणसे परतीचा दिवस पाहण्याआधीच मरणार होती. तरीही ते वचन त्यांनाच दिले होते. हे समजल्यावर भिंतीवरचे वचन उतरवावे लागत नाही. नोकरी मिळेल, आजार जाईल, असा जो वायदा आपण त्यात वाचत होतो तो मात्र उतरवावा लागतो, आणि त्याच्या जागी दीर्घ प्रतीक्षेतही न सुटणारा देवाचा हात दिसू लागतो. माझ्या अनुभवात ज्यांनी खरोखर दुःख भोगले आहे, त्यांना हा दुसरा अर्थ अधिक लवकर पटतो.

ईयोबाच्या आठव्या अध्यायातील सातवे वचन याहून अवघड आहे. आरंभ अल्प असला तरी अखेर फार समृद्ध होईल, या अर्थाचे ते वाक्य नव्या घराच्या किंवा दुकानाच्या प्रारंभी आशीर्वाद म्हणून वापरले जाते. ते देवाचे वाक्य नाही. ते ईयोबाच्या मित्राचे, बिल्ददाचे आहे. तुझ्या मुलांनी पाप केले म्हणून ती मेली असे ज्याने नुकतेच शोकात बुडालेल्या ईयोबाला सुचवले, त्याच भाषणातले ते वाक्य आहे, आणि बेचाळिसाव्या अध्यायात अलीफज आणि बिल्ददासह त्याचे दोन मित्र आपल्याविषयी योग्य ते बोलले नाहीत म्हणून देवाचा राग त्यांच्यावर भडकतो. हे एखाद्याला भर गटात सांगणे म्हणजे त्याच्या देव्हाऱ्यावर हात टाकण्यासारखे आहे. म्हणून मी ते सांगत नाही. आठवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचायला देते, कोण बोलत आहे एवढेच विचारते, आणि मग बेचाळिसावा अध्याय वाचायला सांगते. मजकुराने दिलेला धक्का माणूस सहन करतो; शिकवणाऱ्याने दिलेला धक्का तो अपमान म्हणून घरी नेतो.

कोणाला दुरुस्त करायचेच असेल तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातील अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांचे वागणे पाहावे. अपुल्लोस वक्ता होता, शास्त्रात प्रवीण होता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. या दांपत्याने सभास्थानात उभे राहून त्याला अडवले नाही. त्याला आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक स्पष्ट करून सांगितला. गटात एखादा फार बोलणारा असतो, प्रत्येक वचन शेवटच्या काळाच्या चिन्हांपर्यंत नेणारा असतो, अभ्यास-बायबलच्या तळटिपा वचनासारख्याच गंभीर आवाजात वाचून दाखवणारा असतो. यांपैकी बहुतेकांशी बैठकीनंतर एकट्यात बोललेले पुरते. तळटिपांपुरता एक नियम मात्र सर्वांसाठी असावा: रेषेच्या वरचे शास्त्र आणि रेषेच्या खालचे कोणा अभ्यासकाचे मत, हे वाचणाऱ्याने सांगूनच वाचावे.

वेगवेगळ्या मंडळ्यांतून आलेली माणसे एकत्र बसली की बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणे, मरीयेचे स्थान, असे वाद येतातच. कॅथलिकांच्या बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंटांच्या 66, येथपासून सुरुवात होते. त्यात मी लांबण लावत नाही. मजकूर काय म्हणतो आणि त्यावरून आमची मंडळी काय शिकवते, ही दोन वाक्ये वेगवेगळी उच्चारण्याची सवय लागली की अर्धा वाद शमतो, आणि उरलेला अर्धा एका संध्याकाळी मिटणारा नसतो.

प्रौढांच्या अनुभवाविषयी आणखी थोडे सांगायला हवे, कारण तो मजकुराला झाकतो तसा उघडतोही. रूथच्या पहिल्या अध्यायात नवरा आणि मुले गमावलेली तिची सासू नामी परत येते आणि मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी आणले, असे गावातल्या बायकांना सांगते. तरुण गटात हे वाक्य वाचून पुढे जातात. रूथची निष्ठा आणि बवाजाचे शेत त्यांना गाठायचे असते. विधवा स्त्रिया असलेल्या गटात तेथेच थांबावे लागते. तिने देवाला दोष दिला आणि तरी पुस्तकाने तिला दटावले नाही, हे एका सभासद स्त्रीने दाखवून दिले, तेव्हा माझ्या तयारीच्या टिपणात ते कोठेच नव्हते. आजारपणाच्या बाबतीतही असेच होते. विश्वासाच्या प्रार्थनेने दुखणाईत बरा होईल, हे याकोबाच्या पत्रातील वचन ज्याच्या घरात प्रार्थना होऊनही माणूस गेला आहे, त्याच्यासमोर वाचताना घाई करू नये. स्पष्टीकरणे देत बसण्यापेक्षा त्याच नव्या करारात पौलाचा सोबती त्रफिम मिलेतात आजारीच मागे राहिला आणि पौलाच्या देहातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही, हे शेजारी ठेवावे आणि दोन्ही भाग तसेच राहू द्यावेत. एकाने दुसऱ्याला खोडून काढण्याची गरज नसते. मला याचे उत्तर येत नाही, असे शिकवणाऱ्याने म्हटले तर प्रौढ माणसे त्याच्यावरचा विश्वास काढून घेत नाहीत.

गट दोन-तीन पुस्तके वाचून झाला की तो चालवण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते, अशी तक्रार इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे, पण पुष्कळ गटांत ती विद्यार्थ्यांविरुद्ध नव्हे, जागा न सोडणाऱ्या शिक्षकाविरुद्ध करावी लागेल. नव्या चालकाला सोपा म्हणून स्तोत्रसंहितेतला भाग देऊ नये. तेथे सर्वांना सर्व पाठ असते. त्याला योना किंवा फिलेमोन द्यावे, तोच भाग आठवडाभर अनेकदा वाचायला सांगावे, आणि स्वतः वाचून पाच-सहा प्रश्न लिहून होईपर्यंत टीकाग्रंथ (बायबलवरील भाष्ये) उघडू देऊ नये. पहिल्या काही बैठकांत प्रत्येक उत्तरानंतर सभासद जुन्या शिक्षकाकडे पाहतात, बरोबर आहे ना, अशा नजरेने. तेव्हा मान हलवण्याचा मोह आवरावा आणि ते कोणत्या वचनात आहे, असे त्यांच्याचसारखे त्या नव्या चालकाला विचारावे.